बाबांच्या अंगातलं पाणी : आयसीयूतल्या सहा डायलिसिसचा हिशेब

मागच्या महिन्यात रात्री अकरा वाजता पतसंस्थेतल्या माझ्या मैत्रिणीचा फोन आला. तिचे सासरे आयसीयूत होते. ती रडत नव्हती, पण आवाज पार कोरडा पडला होता. "डॉक्टर म्हणतायत, डायलिसिस लावून अंगातलं पाणी काढायचंय. पाणी काढायचं म्हणजे नक्की काय करतात गं? आणि एकदा लागलं की कायमचंच का?" तिला तासभर जे सांगितलं, तेच इथे सविस्तर लिहून ठेवते. जुलै २०२३ मध्ये आम्ही यातून गेलो, तेव्हा असं काहीतरी मराठीत वाचायला मिळालं असतं तर खूप धीर आला असता. मी डॉक्टर नाही, कणकवलीला एका पतसंस्थेत कॅशियर आहे. खालचे आकडे माझ्या वहीतले आहेत आणि ते एकट्या बाबांचे आहेत. तुमच्या पेशंटचे वेगळे असणार. पण विचारायचं काय आणि बघायचं काय, एवढं तरी यातून कळेल.

बाबा तेव्हा ६३ वर्षांचे. ११ जुलैला, मंगळवारी, लावणी करून आले तेच अंग तापलेलं. पोटऱ्या इतक्या दुखत होत्या की हात लावू देईनात. दोन दिवस पॅरासिटामॉलवर काढले. आमच्या सिंधुदुर्गात पावसाळ्यात लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, उंदरांच्या मुताने दूषित झालेल्या चिखलपाण्यातून होणारा ताप) असतो हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. आरोग्यसेविका डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या घरपोच देऊन गेली होती, आठवड्यातून एकदा घ्यायच्या. ते पाकीट देवघराच्या फळीवर न फोडता तसंच पडून होतं. हे लिहिताना आजही पोटात तुटतं. चिखलात उतरणारं कुणी घरात असेल तर त्या गोळ्या समोर उभं राहून द्या.

१४ तारखेला सकाळी डोळे लालभडक, लघवी चहासारखी आणि जेमतेम वाटीभर. तालुक्याच्या हॉस्पिटलात नेलं तर बीपी ८०/५०, प्लेटलेट ४२,०००, क्रिएटिनिन (किडनी बंद पडली की रक्तात साठत जाणारी घाण) ४.१. भरभर सलाईन लावलं. संध्याकाळी डॉक्टर म्हणाले, इथे थांबू नका, कोल्हापूर नाहीतर गोव्यातलं बांबोळीचं हॉस्पिटल गाठा. कोल्हापुरात आत्या राहते म्हणून कोल्हापूर ठरलं. खासगी अ‍ॅम्ब्युलन्स, ७,५०० रुपये. फोंडा घाट, दाजीपूर, राधानगरी, वर मुसळधार पाऊस. १५ तारखेला पहाटे साडेतीनला पोचलो. वाटेतही सलाईन चालूच होतं.

कॅज्युअल्टीत सिस्टरनी पहिल्या पाच मिनिटांत विचारलं, "पेशंटचं वजन किती?" मी म्हटलं, साठेक असेल. "साठेक नको ताई, आजारी पडायच्या आधीचं नक्की वजन पाहिजे." ते का पाहिजे, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. दादाला आठवलं की महिन्याभरापूर्वी उपकेंद्रात बीपी तपासलं तेव्हा कार्डावर वजन लिहिलं होतं. घरून वहिनीने त्या कार्डाचा फोटो पाठवला : ५८ किलो. पुढच्या दोन आठवड्यांतला सगळा हिशेब याच एका आकड्यावरून निघाला. घरातल्या वयस्कर माणसांचं वजन तारखेसह कुठेतरी लिहून ठेवा, एवढं मी तेव्हापासून सगळ्यांना सांगते.

बीपी वर ठेवायला नॉरअ‍ॅड्रेनलिन सुरू झालं. त्याला तिथे सगळे 'सपोर्ट' म्हणतात. मॉनिटरवर वरचा आणि खालचा बीपी दिसतो, त्याच्या शेजारी कंसात तिसरा आकडा असतो. तो सरासरी दाब. तो ६५ च्या वर राहिला पाहिजे, म्हणजे मेंदू, हृदय, किडनी यांना रक्त पुरतं. खालच्या बीपीची दुप्पट करायची, त्यात वरचा मिळवायचा आणि तिनाने भागायचं, की साधारण तो आकडा येतो. पहिले दोन दिवस मी फक्त त्या कंसाकडे बघत बसायचे.

१६ तारखेला, रविवारी सकाळी भेटायला आत गेले तर बाबा ओळखू येईनात. चेहरा फुगलेला, पापण्या सुजून बंद, हाताची बोटं केळ्यांसारखी. नाकातोंडावर बायपॅपचा, म्हणजे दाबाने हवा आत सोडणारा मास्क. लघवीच्या पिशवीत तळाला काळपट ओघळ, २४ तासांत १२० मिली. मला आधी रागच आला. तालुक्याला इतकं सलाईन ओतलं म्हणून हे झालं, असं मी किडनीच्या डॉक्टरांना बोलूनही गेले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, "त्यांनी सलाईन दिलं म्हणून तुम्ही बाबांना इथवर आणू शकलात. बीपी पडलेलं असताना पहिलं काम तेच. आता ते पाणी बाहेर काढायची वेळ आलीय, कारण किडनी काढत नाहीये."

मग त्यांनी चार्ट दाखवला. आयसीयूत प्रत्येक बेडच्या पायथ्याशी एक मोठा कागद असतो, तासातासाच्या रकान्यांचा. एका बाजूला अंगात गेलेलं सगळं : सलाईन, अँटिबायोटिक ज्यात मिसळून देतात ते १०० मिली, सपोर्टचं पंपातलं औषध, नाकातल्या नळीतून दिलेलं जेवण, नळी धुवायला वापरलेलं पाणीसुद्धा. दुसऱ्या बाजूला बाहेर आलेलं. माझं आयुष्य रोजकीर्दीत गेलंय, त्यामुळे तो कागद लगेच समजला. जमा बाजू फुगत चालली होती आणि खर्चाच्या बाजूला जवळजवळ काहीच नव्हतं. शिल्लक ७.१ लिटर. डॉक्टरांनी मागे लिहून दाखवलं : एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन. ७.१ भागिले ५८, गुणिले १०० म्हणजे बारा टक्क्यांच्या वर. "दहा टक्क्यांच्या वर गेलं की आम्हाला काळजी वाटायला लागते. हे पाणी नुसतं हातापायात राहत नाही. फुप्फुसात, आतड्यात, खुद्द किडनीतही साठतं आणि सूज आलेली किडनी लवकर चालू होत नाही." त्यांनी बरगड्यांच्या मधे सोनोग्राफीचा प्रोब टेकवून मला स्क्रीनही दाखवला. वरून खालपर्यंत उभ्या पांढऱ्या रेघा दिसत होत्या, झडीच्या पावसासारख्या. प्रत्येक रेघ म्हणजे ओलं झालेलं फुप्फुस.

डायलिसिसच्या संमतिपत्रावर सही करताना माझा हात थांबला. आमच्याकडे समज असा, की एकदा डायलिसिस लागलं की माणूस त्यातून सुटत नाही. डॉक्टर म्हणाले, लेप्टोतली किडनी बहुतेक वेळा परत येते, तिला मधल्या काळात आधार द्यायचा असतो. नंतर मी वाचलं, की नेदरलँड्समध्ये विलेम कोल्फ यांच्या मशीनवर १९४५ साली जो पहिला जीव वाचला, ती ६७ वर्षांची बाई होती आणि तिच्याही किडन्या तात्पुरत्याच बंद पडल्या होत्या. म्हणजे हे यंत्र मुळात अशाच पेशंटसाठी आधी कामाला आलं. ते त्या दिवशी माहीत असतं तर सही करताना इतकी घालमेल झाली नसती.

डायलिसिसचे प्रकारही तेव्हाच कळले. नेहमीचं चार तासांचं असतं, रक्त मिनिटाला ३०० मिलीच्या आसपास फिरतं. सपोर्टवरच्या पेशंटला ते झेपत नाही. दुसरं टोक म्हणजे सीआरआरटी, चोवीस तास अगदी हळू चालणारं. त्याचा खर्च आम्हाला दिवसाला ३५,००० सांगितला. मधला मार्ग स्लेड : मशीन नेहमीचंच, पण रक्ताचा वेग १५० ते २०० आणि वेळ आठ तास किंवा जास्त. एका वेळचे ६,५०० रुपये, आणि मानेतल्या शिरेत घालायच्या दुहेरी नळीचे ५,८०० वेगळे. आम्ही स्लेड निवडलं. पैसे नाहीत म्हणून कमी दर्जाचं घेतोय का, असं मी थेट विचारलं. डॉक्टर म्हणाले, "नाही. बाबांच्या आत्ताच्या सपोर्टच्या डोसवर स्लेड चालेल. डोस वाढला तर मी स्वतः सीआरआरटी सांगेन." थेट विचारलं ते बरं झालं, नाहीतर तो सल मनात राहिला असता.

कागदांचं इथेच सांगून टाकते, कारण ते याच दिवसांत चाललं होतं. महात्मा फुले जन आरोग्य योजनेचा काउंटर हॉस्पिटलच्या दारातच असतो, तिथे आरोग्यमित्र बसतात. आमचं केशरी रेशनकार्ड घरी ट्रंकेत. तातडीचा पेशंट म्हणून त्यांनी फोनवरून नोंद करून घेतली आणि कागद आणायला ७२ तास दिले. पण शनिवार-रविवार तहसील बंद, आणि रेशनकार्डावर बाबांचं नाव एक, आधारवर आडनावाचं स्पेलिंग दुसरं. दादा रविवारी रात्रीच्या एसटीने गावी गेला, सोमवारी सकाळी पुरवठा शाखेत उभा राहून नाव एकच असल्याचा दाखला घेतला आणि मंगळवारी पहाटे परत आला. मंजुरी १८ ला दुपारी आली. तोपर्यंतचं ४०,००० डिपॉझिट आम्ही भरलं होतं, ते पुढे बिलात वळतं झालं. तेव्हा वर्षाला कुटुंबामागे दीड लाखाची मर्यादा होती, आता ती पाच लाख आहे. पेशंट बरा असतानाच रेशनकार्ड आणि आधारवरची नावं जुळतात का, ते बघून ठेवा.

पहिलं स्लेड रविवारी संध्याकाळी सात ते पहाटे तीन. वजन करायचं होतं. तिथल्या बेडलाच काटा असतो. सकाळी ६७.९ आलं होतं, संध्याकाळी ६५.४. मला वाटलं, डायलिसिसच्या आधीच अडीच किलो उतरलं! सिस्टरनी पायथ्याकडे बोट दाखवलं. सकाळी बेडवर दोन जादा ब्लँकेटं होती आणि पायाशी ठेवलेलं छोटं मॉनिटर. त्यानंतर तिने बेडच्या दांडीला चिकटपट्टी लावून लिहिलं : 'एक उशी, एक चादर, एक ब्लँकेट'. दररोज सकाळी सहाला, एवढंच ठेवून वजन. ती चिकटपट्टी शेवटच्या दिवसापर्यंत टिकली.

मशीनने रात्रभरात दोन लिटर काढलं असं स्क्रीनवर दिसत होतं. मी आत्याला फोन करून सांगितलंसुद्धा. सकाळी वजन ६५.३. शंभर ग्रॅम. माझे पाय गळाले. ड्यूटी बदलताना रात्रीच्या सिस्टर आणि डायलिसिसचा टेक्निशियन चार्टवर वाकून बेरीज करत होते, तेव्हा चूक सापडली. बाबांच्या प्लेटलेट कमी, रक्तस्रावाची भीती, म्हणून रक्त पातळ करायचं हेपरिन वापरलं नव्हतं. हेपरिन नसेल तर मशीनच्या नळ्यांत रक्त गोठू नये म्हणून दर अर्ध्या तासाने १०० मिली सलाईन सोडून त्या धुतात. आठ तासांत असं पंधरा वेळा झालं. ते दीड लिटर सलाईन जातं कुठे? परत बाबांच्याच अंगात. शिवाय औषधांचं ४०० मिली. दोन हजार काढले, एकोणीसशे घातले. मशीनला सांगताना हे धरायचं राहून गेलं होतं. त्यांनी लपवलं नाही, डॉक्टर आल्यावर पहिलं तेच सांगितलं. त्या दिवसापासून मी एकच प्रश्न विचारायला शिकले : "मशीनने किती काढलं ते नको, सगळं वजा जाता बाबांच्या अंगातून निव्वळ किती गेलं?"

दुसरा दिवस, १७ जुलै, सोमवार, दीप अमावस्या. आई गावी एकटी दिवे उजळत बसली असेल, हे सारखं डोक्यात येत होतं. दोन वाजता मशीन लागलं. या वेळी धुण्याचं सलाईन धरून तासाला ४०० मिली काढायचं ठरलं. पाचच्या भेटीच्या वेळेला मी आत गेले आणि पाचच मिनिटांत मॉनिटर ओरडायला लागला. कंसातला आकडा ७०, ६४, ५९, ५६. बाबांचे डोळे वर फिरल्यासारखे झाले. टेक्निशियनने पाणी काढणं तिथल्या तिथे थांबवलं, रक्त फिरत राहू दिलं. एका सिस्टरने बेडचा पायथा उचलला, दुसरीने सपोर्टचा पंप वाढवला. मला कुणी बाहेर जा म्हटलं नाही. मी भिंतीला टेकून उभी राहिले.

तेवढ्यात आयसीयूच्या तरुण डॉक्टर मॅडम आल्या. त्यांनी मॉनिटरकडे न बघता आधी बाबांचा उजवा हात उचलला. अंगठ्याशेजारच्या बोटाच्या टोकावर काचेची एक छोटी पट्टी दाबली आणि मनातल्या मनात दहा मोजले. बोटाचं टोक पांढरंफटक पडलं. पट्टी उचलली आणि पुन्हा मोजायला लागल्या, या वेळी ओठ हलत होते. एक, दोन, तीन, चार. रंग येईना. पाच. सहाला कडेने गुलाबी झाक आली. त्या बोटाच्या नखाच्या खाचेत लावणीचा चिखल अजून होता. तीन दिवस अंग पुसत होते, पण तेवढा राहिलाच होता. मी त्या चिखलाकडेच बघत होते.

"तीन सेकंदांच्या आत रंग यायला हवा," मॅडम म्हणाल्या. "बीपीचा आकडा औषधाने वर दिसू शकतो. बोट सांगतं की रक्त टोकापर्यंत पोचतंय का." मग त्यांनी गुडघ्यांवर हात ठेवून त्वचा गार आणि जाळीदार निळसर झालीय का ते पाहिलं, लॅक्टेटसाठी रक्त घेतलं; अंगाला रक्त पुरेनासं झालं की ते वाढतं. अर्ध्या तासात आकडा ६६ वर आला. मी बाहेर बाकावर येऊन बसले तेव्हा मला स्वतःचे गुडघे आवरेनात.

रात्री मोठ्या डॉक्टरांनी मला आणि आतेभावाला बसवून समजावलं. "तुमच्याकडे विहीर आहे ना? मोटारीने उपसा केला की झऱ्यातून पाणी येत राहतं. झरा देईल त्याच्यापेक्षा जोरात उपसलं तर विहीर कोरडी पडते आणि मोटार हवा ओढते. शेजारच्या वाफ्यात पाणी तुंबलेलं असलं तरी." मशीन ओढतं ते फक्त रक्तवाहिन्यांतलं पाणी. सूज दिसते ते पाणी वाहिन्यांच्या बाहेर, मांसात असतं. ते तिथून हळूहळू वाहिनीत झिरपतं तेव्हाच मशीनच्या हाती लागतं. बाबांना जंतुसंसर्गामुळे वाहिन्या गळक्या झालेल्या, रक्तातलं अल्ब्युमिन (पाणी वाहिनीत धरून ठेवणारं प्रथिन) २.१ पर्यंत उतरलेलं, म्हणून झिरपा मंद. सात लिटर जादा पाणी अंगात असलेल्या माणसाचं बीपी पाणी काढताना पडतं, ते असं. हे कळल्यावर माझी चिडचिड संपली. तोपर्यंत मी रोज मनात म्हणत होते, एवढं फुगलंय तर एका दिवसात काढून का टाकत नाहीत.

पुढे घरी आल्यावर मी यावर शोधून वाचलं. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या आयसीयूंतल्या १,४३४ सीआरआरटी पेशंटच्या नोंदी तपासून २०१९ मध्ये एक अभ्यास आला होता. किलोमागे तासाला १.७५ मिलीपेक्षा जास्त वेगाने निव्वळ पाणी काढलं, त्या गटात मृत्यू जास्त दिसले, १.०१ पेक्षा कमी वेगाच्या गटाशी ती तुलना होती. हे नुसतं नातं आहे, वेगामुळेच ते गेले असं सिद्ध होत नाही, आणि ती चोवीस तासांची पद्धत. बाबांच्या स्लेडला तो आकडा जसाच्या तसा लागत नाही. पण ५८ किलोच्या माणसाला १.७५ म्हणजे तासाला साधारण १०० मिली, अर्धा पेलासुद्धा नाही. इतक्या बारीक धारेवर हे काम चालतं, हे वाचून त्या रात्री आमच्या डॉक्टरांनी केलेली घाई नाही तर सबुरी आठवली.

१८ पासून पद्धत बदलली. वेळ दहा तास केली. मशीनमधल्या पाण्याचं तापमान ३५.५ अंशांवर आणलं, त्याने वाहिन्या आकसलेल्या राहतात आणि बीपी धरून राहतं. बाबांना थंडी वाजायची, पण ब्लँकेट एकच, वजनाच्या हिशेबाचं. सुरुवातीला अल्ब्युमिनची १०० मिलीची बाटली दिली. वेग पहिल्या तासात कमी, बीपी, बोट आणि लॅक्टेट बघून मग वाढवायचा, आणि दर तासाला पुन्हा ठरवायचं. काही मशीनना रक्त किती घट्ट होतंय हे सांगणारा सेन्सर असतो म्हणे. इथे तो नव्हता. सिस्टरचा हात, काचेची पट्टी आणि चार्ट, यांच्यावरच सगळं चाललं. त्या दिवशी निव्वळ १,३०० मिली निघालं, १९ ला १,५००, २० ला १,४००. सपोर्ट १९ तारखेला दुपारी बंद झाला. २० ला बोटाचा रंग दोनात परत आला आणि मास्क जाऊन साधी ऑक्सिजनची नळी आली. प्लेटलेट लाखाच्या वर. २१ ला सकाळी वजन ६१.

त्या २० तारखेला वेटिंग हॉलमधल्या टीव्हीवर दिवसभर इर्शाळवाडीची दरड चालू होती. बाहेर आम्ही वीसेक नातेवाईक, प्रत्येकाचं कुणी ना कुणी आत, आणि कुणीच टीव्ही बंद करा म्हणत नव्हतं, बघतही नव्हतं.

मास्क निघाल्यावर बाबा बोलायला लागले, आणि बोलणं एकच : "गो बाय, माका वायच पाणी दी." अंगात लिटरांनी पाणी आणि घसा सुकलेला. त्याचं कारण मला डॉक्टरांनी सांगितलं, मास्कची कोरडी हवा, आजार, औषधं. पण बापाने पाणी मागावं आणि आपण नाही म्हणावं, याच्याइतकं कठीण त्या पंधरवड्यात काही नव्हतं. सिस्टर म्हणायच्या, "ताई, पाणी नको, ओठांवरून ओला बोळा फिरवा." मी फिरवायचे. ते बोळाच चोखायचे. दिवसाला ठराविक मिली तोंडाने द्यायची परवानगी मिळाली तेव्हा मी औषधाच्या झाकणाने मोजून द्यायला लागले आणि प्रत्येक झाकण सिस्टरना सांगायचे, म्हणजे चार्टवर चढायचं. चोरून पाणी देऊ नका. दिलंच तर सांगा तरी. न सांगितलेला पेला दुसऱ्या दिवशीचा सगळा हिशेब चुकवतो. गावाहून काका पिशवीभर शहाळी घेऊन आले होते, आजारी माणसाला आपल्याकडे तेच नेतात. सिस्टरनी दारातच अडवलं : शहाळ्यात पोटॅशियम भरपूर, किडनी बंद असताना ते हृदयाला घातक. काका हिरमुसले, मग ती शहाळी वेटिंगमधल्या सगळ्यांनी प्यायली.

२१ ला सहावं आणि शेवटचं स्लेड झालं आणि त्यात पाणी काढलंच नाही. लघवी ७०० मिलीवर आली होती. मला वाटायचं डायलिसिस म्हणजेच पाणी काढणं. तर रक्तातली घाण साफ करणं हे एक काम आणि पाणी काढणं हे वेगळं, मशीनवर दोन्ही स्वतंत्र ठरवता येतात. मग २२ ला १,४०० मिली, २३ ला २,६००, २४ ला ३,९००, २५ ला ४,२००. पिशव्या भरायला लागल्या आणि आम्ही आनंदात, तर डॉक्टरांनी उलटच सांगितलं, आता पाणी आणि क्षार कमी पडू द्यायचे नाहीत. किडनी जागी होताना आधी नुसती धार सोडते, राखायचं काय ते तिला नंतर कळतं. म्हणून तोच चार्ट आता उलट्या बाजूने भरला जायला लागला : जेवढं बाहेर गेलं त्याचा ठराविक भाग सलाईन आणि तोंडाने परत द्यायचा. २५ ला वजन ५७.२. मानेतली नळी २६ ला काढली. त्या वेळी बेड सपाट करून वीस मिनिटं दाबून धरतात, घाबरण्यासारखं काही नसतं.

३१ जुलैला डिस्चार्ज. वजन ५५.५, क्रिएटिनिन २.१. योजनेत बसलं ते सोडून आमच्या खिशातून सगळं मिळून १,१२,००० गेले. अ‍ॅम्ब्युलन्स, योजनेबाहेरची औषधं आणि तपासण्या, अल्ब्युमिनच्या बाटल्या, येणंजाणं, सगळं त्यात आलं. डिस्चार्ज कार्डासोबत डायलिसिसच्या नोंदींच्या झेरॉक्स मागून घ्या, पुढच्या तपासणीला त्या लागतात. आम्हाला अर्ज लिहून दोन दिवस थांबावं लागलं. १४ ऑगस्टच्या फेरतपासणीत क्रिएटिनिन १.३ होतं.

निघताना वॉर्डमधल्या डॉक्टरांनी पथ्याचा कागद दिला. मीठ बेताचं, दुखण्याच्या गोळ्या विचारल्याशिवाय नाहीत, शेतात बूट घातल्याशिवाय उतरायचं नाही. आणि शेवटच्या ओळीत : पाणी दिवसाला अडीच लिटर. बाबा व्हीलचेअरवर बसले होते. कागद माझ्या हातात होता, मी भराभर वाचून घडी घालायला लागले तर त्यांनी मनगट धरलं.

"गो, ती खालची ओळ परत वाच."

मी वाचली. मग त्यांनी डॉक्टरांकडे बघितलं, डॉक्टरांनी मान हलवली, आणि मी पिशवीतून बाटली काढून त्यांच्या हातात दिली. या वेळी मोजायचं नव्हतं.